न परतलेला आवाज

३ मार्च
जहाजावरून समुद्रात आवाज सोडायचा, तळाच्या गाळातल्या थराथरावरून काय परत येतं ते बघायचं — माझं काम एवढंच. आज एका पट्ट्यात चिखलाच्या वरच्या थराखालून काहीच परत आलं नाही. नुसतं कोरं. गाळात वायू अडकला की असं होतं; खणताना तो उसळला तर माणसं धोक्यात. आणि पवनचक्की नेमकी तिथेच उभी करायची आहे!
साहेब म्हणाले, आधी यंत्र तपासा.

४ मार्च
यंत्र ठणठणीत आहे.

६ मार्च
तळावर नोंद घेणारी यंत्रं मांडली, भूकंपासारखे छोटे धक्के दिले. घट्ट वाळूतून लाटा धावत येतात. इथे रेंगाळत आल्या. भुसभुशीत आहे सगळं.
साहेबांना सांगितलं, जागा बदला. जागा बदलायची तर मोजणी पुन्हा, म्हणजे सगळ्यांची सुट्टी लांबणार. ते म्हणाले, "लिहून द्याल?"
दिलं.

७ मार्च
मी जेवायला गेले की बोलणं थांबतं. इंजिनावरच्या मेकॅनिकच्या बायकोचे दिवस भरलेत. परवा घरी निघणार होता बिचारा. दाराबाहेरून ऐकलं — "मॅडमना कुठे घाई आहे? घरी आहे कोण?"
खरंच आहे. घराला कुलूप, किल्ली माझ्याच पर्समध्ये. तरी न जेवताच परत फिरले.

१० मार्च
नवी जागा. जेवणाचं ताट केबिनमध्येच आणलं.

१३ मार्च
इथे खोलवर घट्ट वाळू. साहेब खूश. मला मात्र एकच गोष्ट छळतेय — जुन्या जागी आता कुणी खणणार नाही. म्हणजे माझं बरोबर होतं की चूक, कधीच कळणार नाही. चूक असेल तर? त्या माणसाला उगाच अडकवून ठेवलं मी.

१५ मार्च
मेकॅनिक स्वतःहून डेकवर आला. काल मुलगी झाली म्हणाला. मी अभिनंदन केलं. त्याने विचारलं, "तिथे वायू होता, नक्की?"
हो म्हणणं सोपं होतं.
"नक्की नाही सांगता येत. पण तिथल्या कामावर तुम्हाला मी उतरू दिलं नसतं."
तो खाली इंजिनाकडे गेला.

१८ मार्च
बंदराला लागलो. सगळे पांगले. मेकॅनिक बॅग खांद्याला अडकवून धक्क्यावर थांबलेला. मला वाटलं, गाडीची वाट बघतोय.
"चला ताई," म्हणाला, "बाळ बघायला."