दोनशे पत्रांच्या मालकीबद्दल

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकोणऐंशी, धंदा कोर्टाच्या व्हरांड्यात बसून टंकलेखन व अर्जलेखन (आता बंद), माझे डोके आज ठिकाणावर असल्याचे जाहीर करतो. हे मी स्वतः म्हणून भागत नाही, म्हणून डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. त्यात रक्तदाब थोडा वाढल्याचा उल्लेख आहे. तो बातम्या पाहून वाढलेला आहे, बुद्धीशी त्याचा संबंध नाही. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. मुलगा एवढेच म्हणाला, "बाबा, फोनला सांगा ना, दोन मिनिटांत मृत्युपत्र लिहून देतो तो." तेवढ्यासाठी हे सर्व मी हाताने, शाईने लिहीत आहे.

चाळीस वर्षांत मी इतरांची सहाशेच्या वर मृत्युपत्रे टाइप केली. कोणाला काय द्यायचे ते माणसे भराभर सांगतात आणि का द्यायचे ते विचारले की छताकडे बघतात. मी ते ‘का’सुद्धा लिहिणार आहे. यापूर्वी केलेले कोणतेही मृत्युपत्र रद्द समजावे. केलेले नाही, पण असे लिहायची पद्धत आहे.

१. राहते घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि गॅलरी, मुलगा व सून यांना निम्मे निम्मे. सुनेचे नाव वेगळे घालण्याचे कारण असे की या घरातला नळ, फ्यूज आणि माझा स्वभाव तिनेच सांभाळला आहे. अट एकच. मुलाने स्वयंपाकघरात आणून ठेवलेला बोलका डबा माझ्या पश्चात चोवीस तासांत बाहेर काढावा. मी गुडघ्याबद्दल सुनेशी बोललो तर दुसऱ्या दिवशी माझ्या फोनवर गुडघ्याच्या पट्ट्यांच्या जाहिराती येतात आणि मी त्यालाच "घड्याळात किती वाजले" विचारले तर तो गाणे लावतो. असला आगाऊ पाहुणा मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही. दाराशी ठेवलेल्या माझ्या पत्नीच्या चपला घराच्या सामानात धरू नयेत. त्याचे कारण पुढे येईल.

२. बँकेतील ठेव मुलाला. आकडा पासबुकात आहे.

३. टंकलेखन यंत्र, व्हरांड्यात माझ्या जागी आता बसणाऱ्या बाईंना. त्यांच्याकडे संगणक आहे, पण वीज गेली की पक्षकार उन्हात उभे आणि बाई पदराने वारा घेत बसलेल्या, असे मी दोनदा पाहिले. यंत्राची फीत उलटी फिरते, ती बोटाने सरळ करावी लागते. हे यंत्र कोणाचे बोलणे ऐकत नाही आणि स्वतःहून एक अक्षर सुचवत नाही. त्याचे हे दोन गुण कोणी त्याच्यासमोर फार बोलून दाखवू नयेत, इतके ते साधे आहे.

४. फोन कोणालाही नाही. तो बंद करून ड्रॉवरमध्ये ठेवावा. तो घेतला तेव्हा त्यात एक्केचाळीस पानांच्या अटी होत्या. मी धंद्याने कागदपत्रवाला, मी त्या वाचल्या. इतके गलिच्छ लिखाण मी खुनाच्या खटल्यातही टाइप केलेले नाही. बाविसाव्या पानावर असे आहे की मी फोनमध्ये जे लिहीन ते वापरायला, बदलायला आणि त्यावरून नवे काही करायला कंपनीला कायमची परवानगी आहे. असा कागद एखाद्या भावाने दुसऱ्या भावापुढे सहीला ठेवला असता तर मी त्याला व्हरांड्याच्या पायऱ्या दाखवल्या असत्या. मी ‘मान्य नाही’ दाबले. फोन तीन आठवडे मुक्याने पडून राहिला. शेवटी मुलाने माझ्या वतीने ‘मान्य’ दाबले आणि वर म्हणाला, "बाबा, ते वाचायचं नसतं." मुलाला क्षमा केली आहे. कंपनीला नाही.

५. टीव्ही ज्याला हवा त्याने न्यावा. सहा चौकटींत सहा माणसे एकाच वेळी ओरडतात त्याला हल्ली चर्चा म्हणतात. गेल्या वर्षी लेखनाच्या हक्कांवर अशीच चर्चा होती. एका कंपनीचा गुळगुळीत चेहऱ्याचा माणूस सांगत होता की आमचे यंत्र चोरत नाही हो, माणसासारखे वाचते आणि शिकते, ज्ञान काय कोणाच्या बापाचे असते का. मी फोनवर त्याच कंपनीचे पान उघडून खाली पाहिले. बारीक अक्षरात ‘सर्व हक्क राखीव’. मी टीव्ही बंद केला. सुनेने लिंबूपाणी दिले तेव्हा कुठे मी खुर्चीत नीट बसलो.

६. आता पुस्तक. ‘सर्वांसाठी दोनशे पत्रे’, लेखक मी, आवृत्त्या तेवीस. रजेचा अर्ज, तक्रार, अभिनंदन, सांत्वन, सगळे त्यात आहे. लोकांनी ते शब्दशः उतरवून घेतले, आणि ते त्यासाठीच होते. एका कचेरीत एकाच सोमवारी तिघांनी पत्र क्रमांक चौदा दिले आणि तिघांच्याही आजोबांना एकाच जिन्यावरून पडून लागले, तेव्हा तिथले साहेब पुस्तक घेऊन माझ्याकडे आले. मी हसून सही करून दिली. ती माणसे निदान खाली स्वतःचे नाव घालत होती आणि आपण उतरवले हे त्यांना माहीत होते.

गेल्या वर्षी माझी पत्नी गेली. फोनवर सांत्वनाचे निरोप आले. त्यांतल्या अकरा निरोपांत एकच वाक्य होते, "त्यांच्या चपला दाराशी असतील, त्या घाईने उचलू नका." हे वाक्य माझ्या पुस्तकातल्या सत्तेचाळिसाव्या पत्रातले. अकरा माणसांनी यंत्राला "सांत्वनाचं काहीतरी दे" म्हटले आणि यंत्राने माझे वाक्य माझ्याच दारात आणून टाकले. त्या आठवड्यात मला पत्नी गेल्याचे दुःख कमी आणि वाक्य चोरल्याचा संताप जास्त होता. हे लिहायला लाज वाटते. पण मृत्युपत्रात खोटे घालू नये, असे मी सहाशे जणांना बजावलेले आहे.

मी फोनलाच विचारले, हे वाक्य कोणाचे? तो म्हणाला, हे एक जुने लोकवचन आहे. मी लिहिले, मूर्खा, ते माझे आहे. लगेच उत्तर, "क्षमस्व, तुमचे बरोबर आहे." इतक्या झटकन फिरणारा साक्षीदार कोणताही वकील उभा करणार नाही.

त्याच दिवसांत माझी ताई आली होती. माझ्याहून पाच वर्षांनी मोठी, आज चौऱ्याऐंशीची. फोनवर निरोप वगैरे काही न पाठवता तीन जिने चढून आली आणि माझ्याशेजारी नुसती बसून राहिली. सून दाराशी आवराआवर करायला गेली तेव्हा ताई म्हणाली, "राहू दे गं त्या चपला. त्याच्या त्याला उचलू दे." ताईनेही माझे पुस्तक वाचलेले दिसते, असे त्या वेळी माझ्या मनात आले आणि बरे वाटले. असा मी माणूस आहे.

७. कंपनीवर दावा लावायचा म्हणून मी वकीलसाहेबांकडे गेलो. ते म्हणाले, "लावू की. मूळ हस्तलिखित तेवढं आणा, म्हणजे समोरच्याला तोंड उघडता येणार नाही." मी म्हटले, आणतो. घरी येऊन माळ्यावरची पेटी काढली. त्यात निळ्या पुठ्ठ्याची वही होती आणि वहीत अक्षर ताईचे होते.

मला ते माहीत नव्हते असे नाही. ताई एके काळी जिन्यात बसून शेजारपाजारच्या बायकांची पत्रे लिहून द्यायची. आधी वहीत कच्चे लिहायची, मग त्यांना वाचून दाखवायची. "हेच म्हणायचं होतं ना?" असे विचारून मग पक्के करायची. मी तेहतीस वर्षांचा असताना म्हणालो, "ताई, वही दे, दोन-चार पत्रं टाइप करून पाहतो." दोन-चारची दोनशे झाली. पुस्तक आले तेव्हा ते हातात घेऊन ती म्हणाली, "छान छापलंय रे. तुझं नावही केवढं मोठं आलंय." बस. मी प्रत्येक आवृत्तीची एक प्रत तिला ‘सप्रेम भेट, लेखकाकडून’ असे लिहून देत आलो. अशा तेवीस प्रती तिच्या कपाटात ओळीने उभ्या आहेत. निर्लज्जपणाला आवृत्त्या असतात, हे मला एवढ्यात कळले.

मी यंत्राला पुन्हा विचारून पाहिले. लिहिले, ते वाक्य माझे नाही, माझ्या बहिणीचे आहे. "क्षमस्व, तुमचे बरोबर आहे." त्या निर्बुद्ध वस्तूला हे म्हणायला एक क्षण लागला. मला शेहेचाळीस वर्षांत जमले नाही. ‘मी चोरले नाही, वाचून शिकलो’ हेच मीही मनाला सांगत होतो, फक्त माझा चेहरा तितका गुळगुळीत नव्हता.

वहीतले सत्तेचाळिसावे पत्र कोणा शेजारणीसाठी लिहिलेले नाही. ते ताईने स्वतःच्या एका मैत्रिणीला लिहिले होते. तिचा नवरा नुकताच गेला होता. ताईचा त्याच्या वर्षभर आधी गेलेला, तेव्हा ताई सत्तावीस वर्षांची. चपलांच्या वाक्यापुढे आणखी दोन वाक्ये आहेत. त्यांवर पेन्सिलीची आडवी रेघ आहे. रेघ माझी. छापण्यासाठी पत्र ‘सर्वांसाठी’ करताना मी ती कापली. ती अशी:

"यांच्या चपला माझ्या धाकट्या भावाने तिसऱ्याच दिवशी उचलून कोणाला तरी देऊन टाकल्या. त्याचा हेतू चांगला होता, म्हणून मी त्याला बोलले नाही."

त्या चपला मी उचलल्या होत्या. तपकिरी, डाव्या पायाचा अंगठा शिवलेला. ताईला दिसून त्रास नको म्हणून मी त्या कोपऱ्यावरच्या हमालाला दिल्या आणि मोठे काम केल्यासारखा घरी आलो. तिने वर पाहिले आणि पुन्हा मान खाली घातली. यंत्राकडे ते वाक्य आहे, ही दोन नाहीत. ती जगात फक्त त्या वहीत आहेत. दाव्याचा विचार सोडला आहे.

~~८. ‘सर्वांसाठी दोनशे पत्रे’ या पुस्तकाचे सर्व हक्क माझ्या मृत्यूनंतर माझ्या ताईला मिळावेत.~~

वरचे कलम मीच खोडले आहे, खाडाखोडीशेजारी सही केली आहे. मसुदा वाचून वकीलसाहेब म्हणाले, "अहो, ताई तुमच्यापेक्षा पाच वर्षांनी मोठ्या. त्या आधी गेल्या तर हे कलम काय चाटायचंय?" मी सहाशे मृत्युपत्रे टाइप केलेला माणूस. हे मला लिहितानाच माहीत होते. मेल्यावर देतो असे लिहिले की जिवंतपणी तिच्यासमोर उभे राहावे लागत नाही, हेही माहीत होते. अशी पळवाट पक्षकाराने काढली की मी मनात त्याला शिव्या घालत असे.

म्हणून हक्क सोडल्याचा दस्त आजच वेगळा केला आहे. प्रकाशकांना पत्र गेले आहे: पुढच्या आवृत्तीवर लेखिका म्हणून ताईचे नाव, माझे नाव टंकलेखक म्हणून, आतल्या पानावर, लहान. कापलेली दोन वाक्ये घालायची की नाही ते ताई ठरवेल, मी नाही. प्रकाशक कुरकुरतील. त्यांना कुरकुरू द्यावे.

राहिले क्षमेचे पत्र. मी सवयीने पुस्तक उघडले. उशीर झाल्याची क्षमा आहे, लग्नाला न आल्याची आहे, साहेबांची आहे, शेजाऱ्यांची आहे. मोठ्या बहिणीची क्षमा मागणारे पत्र दोनशेत नाही, कारण ताईला तसे कधी लिहावे लागले नाही. तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा एक पत्र माझे मला लिहावे लागले. चार कागद फाडले. उरले ते तीन ओळींचे आहे, आणि फार बरे जमलेले नाही. ते टपालाने जाणार नाही, वही घेऊन मी स्वतः नेणार आहे.

९. पत्नीच्या चपला मी उचलीन. मला ते जमले नाही तर तो दिवस मुलाने ठरवावा, घाई करू नये.

वरील सर्व मी वाचून, समजून, ‘मान्य’ असे लिहून सही करत आहे.

(सही)
मृत्युपत्र करणारा

साक्षीदार १: वकीलसाहेब (सही)
साक्षीदार २: खालच्या मजल्यावरच्या निवृत्त परिचारिका (सही)

ठिकाण: राहते घर, दरवाजाजवळ
तारीख: नऊ फेब्रुवारी, सकाळचे साडेदहा

साक्षीदारांची नोंद: मृत्युपत्र करणाऱ्याने आमच्यासमक्ष सही केली. बसा म्हटले तरी ते बसले नाहीत. काखेत निळी वही होती, पायात चपला घातलेल्या होत्या, आणि आमच्या सह्या होण्याआधीच ते जिना उतरू लागले होते. आम्ही त्यांना परत बोलावून घेतले.