हरणमाळ फाट्यावरचा फोटो

हरणमाळ, ता. कळंब, जि. धाराशिव
६ जानेवारी २०२५

चि. ज्ञानूस,

आबाचा आशीर्वाद. आम्ही तिघंही बरे आहोत. तुझी आई गुडघ्याला तेल लावून घेत नाही आणि पुन्हा गुडघ्याचीच तक्रार करते, एवढं सोडलं तर सांगण्यासारखं दुखणं नाही. तू वेळेवर जेवतेस का? नर्सबाईंनीच जेवणाची हेळसांड केली तर पेशंटांनी कुणाकडं बघायचं?

फोन असताना कागद कशाला, म्हणशील. फोनवर तू दहा मिनिटं वैष्णवीशी बोलतेस, पाच मिनिटं आईशी, आणि माझ्या वाट्याला ‘आबा, ठेवते, ड्यूटी लागली’ एवढंच येतं. कागदावर मला कुणी मधेच तोडत नाही.

तुझी वैष्णवी दुसरीत रमली आहे. तेराचा पाढा पाठ झाला, चौदावर गाडी अडली आहे. सकाळी न सांगता उठते, डबा आपला आपण भरते, ताटात काही टाकत नाही. सात वर्षांच्या पोरीनं इतकं शहाण्यासारखं वागू नये, असं तुझी आई म्हणते. मल्हारसारखा बाप गेल्यापासून ती मोठ्यानं हसत नाही हे तुला ठाऊकच आहे. तेच तेच लिहून तुझा जीव खात नाही.

आता कामाचं. मल्हारच्या माघारी जीप तुझ्या नावावर केली तेव्हा मोबाइल नंबरही तुझाच दिला होता, म्हणून वेगाच्या दंडाचा मेसेज तुला आला. तू विचारलंस, ‘आबा, आपली गाडी चौऱ्याण्णवनं? आपल्याच फाट्यावर?’ मी म्हणालो, मशीनची चूक असणार. तू लगेच मानलंस आणि वर म्हणालीस, मग तक्रार करा, फुकटचा दंड भरू नका. तर परवा धाराशिवला वाहतूक शाखेत जातो. सत्तावीस वर्षं एस.टी. चालवली, विनाअपघाताचा बिल्ला छातीवर लावून निवृत्त झालो. मशीननं माणूस तरी ओळखावा.

आणि गेल्यावर हेही विचारणार आहे की, एवढे दंड गोळा करता त्याचं करता काय? दिवेलागणीला मल्हार रस्ता ओलांडत होता तेव्हा फाट्यावर एक दिवा नव्हता. त्याला उडवून गेलेली गाडी कुणाची होती हेसुद्धा कुणाला दिसलं नाही. दोन वर्षं होत आली, अंधार आहे तसाच आहे. पोलिसांची कॅमेऱ्याची गाडी तेवढी येऊन लिंबाखाली उभी राहते.

संक्रांतीला येशील ना? येरमाळ्याला उतरलीस की फोन कर, नेहमीसारखा घ्यायला येतो.

हां, एक राहिलंच. त्या मेसेजात फोटोची लिंक असते म्हणे. ती उघडायच्या भानगडीत पडू नकोस. त्यात धड काही दिसत नाही.

तुझ्या काळजीत असलेला,
आबा


हरणमाळ
२७ एप्रिल २०२५

चि. ज्ञानू,

हे पत्र ड्यूटीवर वाचू नकोस. खोलीवर जा, चहा कर, मग वाच. इकडं कुणाला काही झालेलं नाही, आधी तेवढं सांगतो. झालंय ते माझं मला झालंय.

संक्रांतीला तू चार दिवस इथं होतीस. तिळगूळ देताना तू पाया पडलीस तेव्हा जिभेवर आलं होतं, गिळलं. परत जाताना येरमाळ्याच्या थांब्यावर पुन्हा आलं. तेवढ्यात एस.टी. आली आणि मला बरंच वाटलं. असा तुझा बाप.

मशीनची चूक नव्हती, ज्ञानू.

जानेवारीत मी वाहतूक शाखेत गेलो. तिथं दैवशाला मॅडम म्हणून हवालदार आहेत, तुझ्याच वयाच्या असतील. मी आत शिरलो तो तावातच. म्हणालो, ‘‘सत्तावीस वर्षांत माझ्या हातनं कोंबडं मेलं न्हाय. तुमचा कॅमेरा खोटारडा हाय.’’ बाईंनी गाडीचा नंबर घातला आणि कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडं वळवला.

फोटो लख्ख होता. काचेच्या आत मी. शेजारी वैष्णवी. बसलेली नव्हती, सीटवर उभी होती. पट्टा नाही, काही नाही. दोन्ही हात वर, तोंड उघडं, डोळे मिटलेले. हसत होती पोरगी.

मी समोरच्या खुर्चीत बसलो. मॅडमनी पाण्याचा पेला पुढं केला.

त्या दिवशी काय झालं ते सांगतो. शाळा सुटल्यावर तिला येडेश्वरीच्या दर्शनाला नेलं होतं. येताना रस्ता मोकळा होता. एकाएकी म्हणाली, ‘‘आबा, पळवा की. बाबा पळवायचे.’’ मी सत्तरवर नेली. तिच्या ओठांवर जरा हसू आलं. म्हणाली, ‘‘अजून.’’ मी ऐंशीवर नेली, तशी ती खदखदून हसायला लागली. बाळा, दोन वर्षांनी त्या गाडीत ते हसू ऐकलं आणि माझा पाय माझा राहिला नाही. ती कधी उठून उभी राहिली ते मी बघितलं, बघितलं नाही असं म्हणणार नाही. खाली बस म्हणावं, तर हसू थांबेल असं वाटलं. आणि त्याच भरात फाटा मागं गेला. आपला फाटा. तिथं कुणी रस्ता ओलांडत असतं तर? ते मला त्या खुर्चीत बसल्यावर सुचलं, गाडीत सुचलं नाही.

तुला आणि आईला मी शब्द दिला होता की पोरगी गाडीत असताना काटा पन्नासच्या वर जाणार नाही.

दंड तिथल्या तिथं भरला. पण उठवेना. आणि मूळचा तिरसटपणा कुठं जातोय? म्हणालो, ‘‘चुकलं माझं. पर मॅडम, ह्यो पैसा जातो कुठं, तेवढं सांगा. आमच्या फाट्यावर जावई गेला माझा. तिथं एक दिवा न्हाय.’’

त्या म्हणाल्या, ‘‘काका, दंड सरकारच्या तिजोरीत जातो. सगळाच्या सगळा रस्त्यावर परत येतो असं न्हाय, खोटं कशाला सांगू? पण रस्ता सुरक्षेसाठी म्हणून काही पैसा जिल्ह्याला येतो. त्यातनं कॅमेरे येतात, वेग मोजायची यंत्रं येतात, शाळांतले कार्यक्रम होतात, फलक लागतात. आणि एखाद्या गावानं मागणी लावून धरली, तर दिवे न् पट्टे बी होतात. तुमच्या गावानं मागणी केली व्हती का?’’

नव्हती केली. दोन वर्षांत आम्ही रडलो, सरकारला शिव्या दिल्या. कागदाचा एक चिटोरा कुणी दिला नव्हता, आणि मीही नव्हता दिला.

त्याच रात्री अर्ज लिहिला. ग्रामपंचायतीचा ठराव घेतला. शाळेच्या गुरुजींनी मोजून दिलं की पलीकडच्या वस्तीवरची एकतीस पोरं रोज दोनदा हायवे ओलांडतात. भाजीवाल्या हरणाबाईनं अंगठा उठवला आणि म्हणाली, ‘‘टोपली डोक्यावर घिऊन पळायला लागतं, हे बी लिव्हा.’’ तेही लिहिलं. मार्च महिन्यात जिल्ह्याच्या रस्ता सुरक्षा समितीची बैठक होती, तिथं मला अर्जदार म्हणून दहा मिनिटं बोलावलं.

एस.टी.तला माणूस मी, लाल-हिरव्या दिव्यापलीकडं सरकार बघितलेलं नाही. लांबलचक टेबल, पंधरा-वीस अधिकारी. वर्षाच्या खर्चाची यादी वाचून दाखवत होते. रस्ता सुरक्षा सप्ताह, रॅली, रॅलीसाठी टोप्या न् टी-शर्ट, चौकाचौकात मोठे फलक, ‘सावकाश जा, घरी कुणीतरी वाट बघतंय’. माझा अर्ज निघाला तेव्हा एक इंजिनिअर साहेब म्हणाले, ‘‘हा स्पॉट अपघातप्रवण ठिकाणांच्या यादीत बसत नाही. तीन वर्षांत जितके मृत्यू लागतात, तितका आकडा भरत नाही.’’

मी हात जोडून म्हणालो, ‘‘साहेब, आकडा भरायला आमच्यातलं अजून कोण पायजे?’’

मग साहेब जरा चिडूनच म्हणाले, ‘‘दिवे लावून काय होणार? त्या फाट्यावर वेगाचे चलान बघा. निम्म्या गाड्या तुमच्याच आसपासच्या गावांच्या आहेत. आधी तुमच्या लोकांना सांगा.’’

ज्ञानू, तिथं गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. मी अर्जदार होतो, मेलेल्याचा सासरा होतो, सगळ्यांना माझी दया येत होती. पण त्या चलानांत माझंही होतं. म्हणालो, ‘‘खरंय साहेब. त्यातलं एक माझं हाय. चौऱ्याण्णव. जिथं जावई मेला तिथनंच गेलो, आन् त्याची लेक शेजारी हुबी व्हती. मला सगळं ठावं व्हतं, तरी पाय दाबला. म्हनून म्हनतो, टोपी घालून माझ्यासारखा सुधारायचा न्हाय. गाडी हादरंल असं कायतरी रस्त्यावरच करा.’’

एवढ्या माणसांत रडलो, लाज वाटली.

अध्यक्षस्थानी ज्या मॅडम होत्या, त्यांनी खर्चाची यादी पुन्हा मागवली. फलकांतले निम्मे आणि टी-शर्ट सगळे काढले. हायवेच्या लोकांनी पट्टे मारायचे आणि रस्ता सुरक्षेच्या पैशातून दिवे द्यायचे असं ठरलं. भुयारी मार्ग मागितला होता, तो नाही म्हणाले. त्याला वेगळा निधी, वेगळी मंजुरी. दैवशाला मॅडम बाहेर भेटल्या, म्हणाल्या, ‘‘काका, मिळालं ते घ्या, उरलेल्याचा अर्ज पुढच्या बैठकीला द्या.’’ दिला आहे.

गेल्या आठवड्यात काम झालं. फाट्याच्या दोन्ही अंगांना जाड पांढरे पट्टे, पिवळे लुकलुकणारे दिवे आणि थांब्यावर दिव्यांचे चार खांब. ट्रकवाले शिव्या देतात, पण गॅसवरचा पाय काढतात. काल हरणाबाई टोपली घेऊन चालत पलीकडं गेली. पळाली नाही. मी थांब्यावर बसून बघत होतो. मल्हारची लई आठवण आली.

वैष्णवी आता मागच्या सीटवर, पट्टा लावून बसते. पण बाजारापलीकडं जीप मी काढतच नाही. आईला चार दिवसांमागं सगळं सांगितलं. दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, ‘‘लेकीला तुमीच सांगा, मी सांगायची न्हाय.’’ म्हणून हे.

फोटो छापून घेतला आहे, पाकिटात आहे. तुझ्यापासून लपवायचा म्हणून चार महिने झटलो, आता स्वतःच धाडतो. वैष्णवीला माझ्याजवळ ठेवायचं की नाही, ते तू ठरव. नेते म्हणालीस तर मी एका शब्दानं आडवा येणार नाही. तिची कापडं मी स्वतः भरून देईन.

माफी मागायची तर बाप लेकीला काय लिहितो, ते मला माहीत नाही. कुणी शिकवलं नाही.

तुझ्या निर्णयाच्या हवाली,
हरिबा


पुणे
५ मे २०२५

ती. आबा,

ज्ञानूचा नमस्कार. तुम्ही सांगितलं तसं खोलीवर येऊन वाचलं. चहा केला होता, निवून गेला.

फोटो मी मेसेज आला त्याच दिवशी बघितला होता. नंतर तुम्हाला फोन केला. तुम्ही ‘मशीनची चूक’ म्हणालात तेव्हा तो माझ्यासमोरच उघडा होता. तक्रार करा म्हणाले ते मुद्दाम. वाटलं, तिथं जातील, बघतील आणि मला सांगतील. संक्रांतीला चार दिवस वाट बघितली. पाया पडताना तुमचा हात नेहमीपेक्षा जास्त वेळ डोक्यावर राहिला तेव्हा वाटलं, आता बोलतील. मीही विचारलं नाही. तेवढा दोष माझाही आहे.

लई चिडले होते, आबा. इथल्या शाळांची चौकशी करून आले, हॉस्टेलला फोन केले. माझं एक माणूस त्या रस्त्यानं नेलं आणि दुसरं तुम्ही तिथं उभं करून नेलंत, हे मनातून जाईना. राग अजून सगळा गेलेला नाही. तुम्ही खरं लिहिलंत म्हणून मीही खरं लिहिते.

पण त्याच फोटोतला तिच्यापुरता भाग कापून मी मोबाइलवर लावला आहे. कडेला तुमची चार बोटं आली आहेत, स्टिअरिंगवरची. ती कापली असती तर तिचा हात तुटला असता. वॉर्डातल्या बायका विचारतात, कशाला हसतेय इतकी? मी सांगते, आजोबांबरोबर आहे.

जूनपासून वैष्णवीला मी पुण्याला आणते आहे. शिक्षा म्हणून नाही. ती शहाण्यासारखी वागते असं तुम्ही लिहिता. आईपासून लांब राहणारी पोरं तशीच वागतात, हे मला उशिरा कळलं. मला ती हट्टी झालेली पाहिजे. माझी रात्रपाळी असते, म्हणून पावसाळाभर तरी तुम्ही आणि आई इथं राहायला या. खोली लहान आहे. चौघं मावू.

आणि एक. दोन वर्षं मी येरमाळ्याला उतरून तुम्हाला बोलावते, ते सामान जड असतं म्हणून नाही. फाट्यावर उतरायची माझी छाती होत नव्हती. अठरा तारखेला येते आहे. येरमाळ्याहून धाराशिवची एस.टी. धरून आपल्या फाट्यावरच उतरीन, दिवेलागणीपर्यंत पोचेन. वैष्णवीला घेऊन अलीकडंच थांबा, मला घ्यायला रस्ता ओलांडू नका. मी दोन्हीकडं बघून, माझी मी चालत येईन.

तुमच्यावर रागावलेली, तुमचीच लेक,
ज्ञानू