हौशी वैरणीला तोंड लावत नाही

अहो बादलचे मालक,

आत्ताच गुरांचे डॉक्टर गेले आणि मी गोठ्यातच पाटी पालथी घालून तुम्हाला लिहायला बसले. दुसऱ्या कुणाला सांगू?

तिच्या बादलला पाठवल्यापासून हौशीने वैरणीला तोंड लावलेलं नाही. रस्त्याकडे मान करून हंबरते. आता तर तिचा आवाजही बसलाय. डॉक्टर म्हणाले, "ताई, गाय गाभण हाय. अशीच उपाशी राह्यली तर पोटातलं बी जाईल अन् गाय बी." मी काय करू, सांगा ना!

बादलला दुधापासून तोडायला हवं होतं, हे मलाही कळत होतं. एवढा थोराड गोऱ्हा, तरी ढुशा देऊन पीत होता. तो असाच पीत राहिला तर नव्या वासराला चीक कुठून मिळणार? पण दत्ताभाऊजींनी त्याला सरळ टेम्पोत चढवला आणि महाळुंग्याला आपल्या सासुरवाडीला सोडून आले. "वैनी, डोळ्याआड केला की दोन दिसात इसरंल. जनावरच हाय ते."

मी म्हटलं, "तुमचे दादा असं करत नव्हते."

"दादाचं दादासंगं गेलं."

सख्खा भाऊ तुमचा! इथे तुम्ही बोलायला हवं होतंत.

मागच्या गोऱ्ह्याला तोडलं तेव्हा तुम्ही त्याला जागचा हलवलाही नव्हता. गाईला पलीकडे बांधलंत, मध्ये कळकाच्या बांबूंची कूड घातलीत आणि वर तोंडापुरती फट ठेवलीत. हौशी त्याला चाटायची, तो तिच्या गळ्याला नाक लावून उभा राहायचा. पिणं तेवढं बंद. थोडी हंबरली दोघं, मग रवंथ करत बसली. मी हसले तर म्हणालात, "आगं, दूध तोडायचंय, आई न्हाई तोडायची."

मग या वेळी कूड का घातली नाही, असं विचाराल. या वेळच्या कुडीसाठी तुम्हीच कळक तोडून गोठ्यामागे रचून ठेवले होते ना? त्या दिवशी छातीत कळ येऊन तुम्ही मळ्यातच गेलात. माणसं जमली, घाई झाली आणि त्याच कळकांची तुमची तिरडी बांधली. माझ्या डोळ्यांदेखत. तेव्हापासून बांधावरच्या कळकाच्या बेटाकडे मला बघवत नाही. भाऊजींना कूड घाला म्हणायलाही माझी जीभ रेटली नाही. असं अर्ध्यावर टाकून जायचं होतं, तर एवढी तयारी तरी कशाला केलीत?

सकाळी दुकानातल्या फोनवर निरोप आला, बादलही पेंडीला शिवत नाही, नाक गळतंय. मी भाऊजींना म्हटलं, "आत्ताच्या आत्ता आणा, न्हाईतर मी चालत जाते." कुरकुरत का होईना, टेम्पो घेऊन गेलेत. दुपारपर्यंत येतील. मध्ये कूड नसली तर बादल थेट कासेला जाईल, आणि पुन्हा येरे माझ्या मागल्या.

हौशी आत्ताच बसली. उठवते, तर उठत नाही. तुम्ही हाक मारली असतीत तर उठली असती.

कोयता घेतलाय. बेटाकडे जाते. रडत तोडीन, पण बादल यायच्या आत कूड उभी करीन, तोंडापुरती फट ठेवून. शब्द देते. तेवढा वेळ हिला तिकडे बोलावू नका.

तुमची,
सिंधू