भिंतीकडे तोंड केलं की नापास

२ फेब्रुवारी

ती. आईस,
सा. न. वि. वि. मी ठणठणीत. लाँड्रीत हॉटेलांच्या चादरींचे डोंगर येतात, आम्ही ते सपाट करतो, दुसऱ्या दिवशी परत तेवढेच. असो.

बाबांनी फोनवर सगळं सांगितलं. समाजशास्त्राचा पेपर तू दुसऱ्यांदाही कोराच ठेवून उठलीस, बसस्टॉपवर बसून राहिलीस आणि घरी येऊन म्हणालीस की सोपा होता. आता एकच संधी उरली आहे म्हणे. ती गेली की कॉलेज नाव कमी करणार आणि तुझ्या पाळणाघरात तुला कबूल केलेला मोठ्या मुलांचा वर्ग दुसरीला मिळणार. मी बाबांना म्हटलं, नापास होण्यातला जाणकार घरात असताना मला आधी का नाही विचारलं.

मला एक कळत नाही. शेजारणीचा नळ गळतो यावर तू मला दोन पानं लिहितेस, पेन कुठे अडत नाही. मग पेपरलाच हात का गोठतो? तर असं कर, उत्तरं मला पत्रातून लिहून पाठव. फोनवर नको, परीक्षा हातानेच लिहायची आहे. तपासायला मी आहे. हसू नकोस. मी नववीत शाळा सोडली, म्हणजे मला समजलं तर कुणालाही समजेल.

माझ्यावर लोभ आहेच, थोडा पुस्तकावरही असू दे.
तुझा,
भिंगरी

२० फेब्रुवारी

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.
तपासनीस फारच शिष्ट झालेत. चालेल. पण परीक्षेपर्यंत पाय एका जागी ठेव. डायरीत तुझे पत्ते खोडून खोडून पानाला भोक पडायची वेळ आली आहे. तू पुन्हा उडालास तर माझी उत्तरं कुणा परक्याच्या हाती पडायची.

प्रश्न: प्राथमिक समूह म्हणजे काय?
उत्तर: ज्या समूहातली माणसं एकमेकांना समोरासमोर ओळखतात, ज्यात जिव्हाळा असतो आणि कामापेक्षा माणूस मोठा असतो, तो प्राथमिक समूह. उदाहरणार्थ, कुटुंब. आपल्या घरी आता दोघंच आहोत, तरी तुझे बाबा सकाळी चहाला तीन कप काढतात. मग एक गुपचूप परत ठेवतात. मी पाहिलं नाही असं त्यांना वाटतं. यालाच समूहभावना म्हणत असावेत.

बघ, पुस्तकात सुरुवात करते आणि स्वयंपाकघरात जाऊन पोचते. परीक्षेत असं चालायचं नाही. चुका दाखव, पण जपून.
जेवणाच्या वेळा सांभाळ आणि आमची आठवण राहू दे.
तुझी,
आई

९ मार्च

ती. आईस सा. न. वि. वि.
उत्तर एकट्याने तपासणं मला जड गेलं, म्हणून खोलीत मोठ्याने वाचलं. खोलीत आम्ही तिघं: मी, इस्त्रीवाले काका आणि चादरी पोचवणारा ड्रायव्हर. नियम असा ठरला की ऐकता ऐकता कुणी भिंतीकडे तोंड केलं की उत्तर नापास.

तुझ्या व्याख्येला ड्रायव्हरने भिंत गाठली. मी म्हटलं, गेलं उत्तर. पण वाचन कपांपाशी आलं आणि वळला की परत. काका चप्पल घालून घरी फोन लावायला बाहेर गेले. तेव्हा दहापैकी नऊ. एक मार्क कापला, कारण ड्रायव्हरचं म्हणणं, सकाळी बाथरूमसाठी एकाच रांगेत उभे राहतात तेही कुटुंबच, ते तू लिहिलं नाहीस. यावर त्याचं आणि माझं बरंच वाजलं.

स्वयंपाकघरात गेलीस तर जा, फक्त व्याख्या आधी लिहून जा. पुढचं उत्तर लवकर पाठव, काका रोज विचारतात.

एक सांगायचं होतं. बोटी रंगवणाऱ्या टोळीचा मुकादम मला बोलावतोय. दर महिन्याला नवं बंदर. जीव नुसता वळवळतोय. पण त्याला म्हटलंय, माझ्या आईचा निकाल लागेपर्यंत नाही.
खोलीतल्या तिघांचाही नमस्कार पावता व्हावा.
तुझा भिंगरी

१८ एप्रिल

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.
काल पेपर झाला. तुला खरं तेच सांगते.

प्रश्नपत्रिका आली आणि हात परत तसाच, लाकडाचा. सगळं येत होतं, पण पहिला शब्द निघेना. पर्यवेक्षक बाई पाणी विचारून गेल्या. शेवटी काहीतरी लिहायचं म्हणून उत्तरपत्रिकेवर लिहिलं: चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद. आणि सुटलाच की रे हात. व्याख्या आधी, स्वयंपाकघर नंतर, तू म्हणालास तसंच. पुरवणी मागितली तेव्हा बाईंनी दोनदा बघितलं माझ्याकडे.

घंटा झाली तेव्हा भानावर आले. घाईघाईने वरचा मायना खोडला. पण सामाजिक नियंत्रणाच्या उत्तराखाली सवयीने लिहून गेले होते की लाँड्रीच्या वाफेतून निघून लगेच वाऱ्यावर जाऊ नकोस. ते खोडायचं राहिलं. घरी येताना बसमध्ये आठवलं. बाबा सकाळपासून हसताहेत, मला मात्र हसू येत नाही. परीक्षक काय म्हणेल? नापास करून वर नावंही ठेवायचा.

खोलीतल्या परीक्षकांना सांग, चूक तुमच्या पद्धतीची आहे.
तुझ्याच भरवशावर असलेली,
आई

१२ जून

ती. पास झालेल्या आईस सा. न. वि. वि.
बाबांचा फोन आला. आधी दोन मिनिटं तुझ्या वर्गातल्या मुलांना कसले रंग आणायचे ते सांगत बसले, मग म्हणाले, हो, पास झाली ना. काकांनी मशीन बंद करून सगळ्या पाळीला ओरडून सांगितलं. परीक्षक वाफेत काम करत नसावा, पण सल्ला त्याला पटलेला दिसतो.

मुकादम गेल्या आठवड्यात निघून गेला, निकालापर्यंत थांबायला तयार नव्हता. बोट दिसेनाशी होईपर्यंत मी धक्क्यावर उभा होतो, खोटं कशाला बोलू. परत आलो तर दोघं वाट बघत बसलेले. दुसऱ्या वर्षाला काय आहे, असं काका विचारत होते. ड्रायव्हरला विवाहाचा धडा आधी हवाय, त्याला घरचे मुलगी बघताहेत.

तेव्हा पुस्तकं आण आणि लाग कामाला. बाबांना सांग, तिसरा कप परत ठेवायच्या आधी मला फोन लावा.
डायरीत काही खोडू नकोस. पत्ता तोच.
तुझा,
भिंगरी