कार्प काढून लून

३ ऑक्टोबर, सकाळी सात
ठरलं. कार्प काढायचं. आमच्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये कुलूप-किल्लीचं काम बघणारा छोटा प्रोग्रॅम. तेवीसशे प्रोग्रॅम त्याच्या जिवावर, आणि तो लिहिणारा मार्चपासून शेळ्या पाळतोय. कार्पच्या जागी नवा प्रोग्रॅम, लून. सिस्टीम बनवणाऱ्या आमच्या ग्रुपमधली ॲनिका, फार शिकलेली, म्हणते, आर्डेन, एकेक करून बदलू, सहा महिने लागतील. मी म्हटलं, बाई, सहा महिन्यांत मी घर बांधलंय.
वीस तारखेला गावच्या लायब्ररीची मीटिंग. तिथले मीच दिलेले बारा कॉम्प्युटर आपल्या सिस्टीमवर. गावात दुसरं कोणी वापरत नाही. नवं चालवून दाखवलं तर राहिलो, नाहीतर गेलो.

४ ऑक्टोबर
एकच कमांड. जिथं जिथं कार्प ही अक्षरं, तिथं लून. नऊ सेकंद. मशीनवरचं जुनं कार्पही पुसलं. घाण ठेवायची नाही. लोक उगाच बाऊ करतात.

५ ऑक्टोबर
तेवीसशेपैकी अकरा उभे राहिले. सुरुवात चांगली. ॲनिका म्हणते, त्या अकरांना कुलूप लागतच नव्हतं. वर म्हणते, दुकानदार बदललास, पण गिऱ्हाईक अजून जुनाच माल मागतंय. मी म्हटलं, शिकतील.

९ ऑक्टोबर
शिकत नाहीत. हातानं दुरुस्त करतोय. चाळीस झाले. बायको, मार्लिस, जिन्यावरून ओरडली, काय रे, जिंकलास का? नाहीतर जेवून घे. हॉटडिश गार झालं.

१३ ऑक्टोबर, दुपारी
तयार आणलेला लून चालेना म्हणून स्वतः बांधायला घेतला. तर लून बांधायला आधी कार्प लागतं. आणि बांधायला काय काय लागतं त्या यादीतही माझ्या कमांडनं लून लिहिलंय. म्हणजे लून लूनची वाट बघत बसलाय. हरकत नाही. बॅकअप आहे.

त्याच दिवशी, चार वाजता
बॅकअपला कुलूप कार्पचं.

१६ ऑक्टोबर
ॲनिकाकडे कार्पची जुनी कॉपी आहे. मी मागणार नाही.
मार्लिसनं मागितली. फोनवर दोघी बराच वेळ हसत होत्या.

१९ ऑक्टोबर
उभं राहिलं! लायब्ररीपुरतं तरी. ॲनिका म्हणते, लायब्ररीवाल्यांच्या नावानं एकदा आत शिरून बघ. त्यात काय बघायचं? नावं मीच तर भरलीत.

२० ऑक्टोबर
मीटिंग. बोर्डाचे पाचही जण हजर. मशीन सुरू झालं, एकदम झकास. सगळं नऊ सेकंदांत बदललं, हेही सांगून टाकलं. लायब्ररियन व्हर्ना कार्पेंटरनं आपलं नाव टाइप केलं. मशीन म्हणालं, अशी बाई इथं नाही. पुन्हा टाइप केलं. नाही.
मग माझ्या लक्षात आलं. मी हळूच म्हटलं, व्हर्ना, लूनेंटर टाकून बघ.
आत गेली. समोर पुस्तकांची यादी. सुतारकामाचं कपाट: लूनेंट्री. बोर्डातला हाल्व्हर हसून हसून डोळे पुसत होता. व्हर्ना हसली नाही. म्हणाली, एकोणीस वर्षं इथं आहे मी, आर्डेन, आणि तू मला नऊ सेकंदांत वेगळीच बाई केलीस.
आपली सिस्टीम काढायची, पाच विरुद्ध शून्य. त्या पाचांत हाल्व्हरही.
कार्प हेच नाव मुळात चुकीचं. माझा काय दोष?

२४ ऑक्टोबर
लायब्ररीनं बाराही कॉम्प्युटर परत न्यायला सांगितले. ट्रकच्या दोन फेऱ्या झाल्या. तळघरात मांडून सगळे चालू केले. एकही अडत नाही. गावात अजून बारा कॉम्प्युटरवर आपली सिस्टीम चालते.
मार्लिस म्हणाली, आणि बसणारा एक.