काळ्या भिंतीवरचा चुना

बरखेडा, भोपाळ
१४ डिसेंबर

प्रिय बाबा,

तुमचं पत्र मिळालं. नागपुरात अजून थंडी नाही म्हणता. इथे आज पहाटे सात अंश होतं. टाउनशिपच्या बांधकाम विभागात मला आठ महिने झाले, तरी लोक 'साहेबांची मुलगी' म्हणतात. मला त्याची सवय होत नाही.

गेल्या आठवड्यात आपल्या जुन्या क्वार्टरमध्ये जाऊन आले. तिथे आता मिश्राजी राहतात. खिडकीत वरच्या बाजूला तुम्ही बसवलेली पांढरी आडवी फळी अजून आहे. उजेड तिच्यावर पडतो, छतावर जातो आणि तिथून खोलीच्या मागच्या भिंतीपर्यंत उतरतो. मी उजेड मोजायचा मीटर लावला. दुपारी बारा वाजता मागच्या भिंतीपाशी एकशे ऐंशी लक्स. शेजारच्या साध्या क्वार्टरमध्ये पंचावन्न. मिश्राजींची सून म्हणाली, "दीदी, यहाँ तो शाम तक बत्ती नहीं जलती." एका फळीकडून एवढं काम करून घेणारा वास्तुकार मी दुसरा पाहिलेला नाही. हे मुलगी म्हणून लिहीत नाही. आकडे सोबत जोडले आहेत.

मग दक्षिणेची भिंत पाहिली. तुमच्या नकाशात ती काळी आहे, पुढे चार बोटांवर काच, भिंतीत वर आणि खाली झरोके. दिवसभराचं ऊन साठवून रात्री खोली उबदार ठेवायची, विजेशिवाय, शेगडीशिवाय. इथल्या हिवाळ्यासाठी याहून साधं काही मला सुचलं नाही, म्हणून नव्या ऐंशी क्वार्टरांच्या आराखड्यात मी तीच भिंत घातली. आमच्या गोपीनाथ साहेबांनी जुनी फाईल पुढे सरकवली. ही चाचणी सोळा वर्षांपूर्वीच फसली आहे, म्हणाले. दिवाळीनंतर चाचणी तपासायला समिती आली तेव्हा भिंत पांढरी होती आणि खोली थंड. खाली तुमच्या अक्षरात ओळ आहे: 'चुना मीच लावून घेतला. निर्णय चुकला.'

मी तारखा पाहिल्या. दिवाळीचा तो सगळा आठवडा तुम्ही दिल्लीला होता. समिती आली त्याच सकाळी परतलात. तेव्हा आणलेली कंपासपेटी अजून माझ्या टेबलावर आहे.

चुना मी लावला होता, बाबा. समोरच्या लीलामावशी अंगणात आईला म्हणाल्या होत्या, "तुमच्या ह्यांनी घराला तीटच लावलीय हो, आता दिवाळीत दृष्ट लागायची भीती नाही!" सगळ्या हसल्या. आईही हसली, पण आत येऊन तिनं भांडी जरा जोरात ठेवली. मी दहा वर्षांची होते. वरची फळी पांढरी आहे म्हणून उजेड येतो, हे तुम्हीच शिकवलं होतं. मला वाटलं, भिंतीचंही तसंच असणार. रंगाऱ्याचा उरलेला चुना घेतला, काचेची चौकट उघडली आणि स्टुलावर चढून सगळी भिंत पांढरी केली. तुम्ही मला कधीच काही विचारलं नाहीत.

परवा मिश्राजींच्या परवानगीनं तो चुना खरवडून काळा रंग दिला. आज पहाटे बाहेर सात अंश असताना आत सतरा होते. अठ्ठावीस तारखेला आराखड्याची बैठक आहे. चुना कुणी आणि का लावला, याची नोंद मी सही करून तयार ठेवली आहे. पण ती जोडली, तर तुमचं लिहिलेलं खोटं ठरतं. म्हणून आता मी विचारते. जोडू?

तुमचीच,
वैजयंती