पात्र : आजी

सोमवार, ३ फेब्रुवारी

आज सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी सरांनी मला फळ्यावरून पुसलं. डस्टर शोधायचीही तसदी घेतली नाही. तळहातानं पुसलं आणि हात पँटला झटकले.

'दिग्दर्शन' या शब्दापुढे शुक्रवारपासून माझं नाव होतं. गटात आम्ही चौघं. एका गाण्याचा व्हिडिओ करायचा, वर्षाचे निम्मे गुण त्यावर. प्रत्येकानं कल्पना मांडली, मतं घेतली, माझी निवडली गेली. ज्याची कल्पना त्याचं दिग्दर्शन, हा नियम सरांचाच. आज तिथे टोपीचं नाव आलं. (हा मुलगा वर्गातसुद्धा डोक्यावरची टोपी काढत नाही, म्हणून टोपी.) मी चार ओळी खाली घसरले – 'पात्र : आजी'.

"दिवसभर उभं राहायचं, आरडाओरडा करायचा, कशाला तुम्हाला त्रास?" सर म्हणाले. "तुम्ही आमच्या गोड आजी व्हा."

गोड! सदुसष्ट वर्षांत मला हा शब्द कुणी लावलेला नाही. आणि आजी कुणाची? मी लग्न केलं नाही. मूल नाही, मग नातवंडं काय आकाशातून पडली? या जगात एकच माणूस मला नात्यानं हाक मारतो, तो माझा भाचा, आणि त्याची मी आत्या लागते.

नोकरीचा सगळा जन्म एका कंपनीत डायरेक्टरांची सेक्रेटरी म्हणून काढला. एक गेला की दुसरा यायचा, मी तिथेच. पत्रं मी लिहायची, सह्या त्यांनी करायच्या. इंग्रजीत कंपनीच्या आणि सिनेमाच्या, दोघांनाही डायरेक्टरच म्हणतात. मराठी बरी, तिच्यात एक संचालक आणि दुसरा दिग्दर्शक. पहिल्याच्या खोलीबाहेर पुष्कळ बसले. या अभ्यासक्रमाला नाव घातलं ते दुसरा होण्यासाठी, पडद्यावर गोड दिसण्यासाठी नव्हे.

वर्गात काही बोलले नाही. याचाच जास्त राग येतोय.


मंगळवार, ४ फेब्रुवारी

भाचा म्हणाला, अगं आत्या, प्रेमानंच म्हणाले असतील. त्यावर त्याच्या बायकोनं भाजी चिरता चिरता विचारलं, की माझ्या वयाचा पुरुष वर्गात असता, तर त्याला सरांनी गोड आजोबा केलं असतं की निर्माता?

पोरगी हुशार आहे. आमच्या घरात लग्न करून आली, एवढं एक सोडलं तर तिचं कुठे चुकलेलं नाही.


गुरुवार, ६ फेब्रुवारी

कॅन्टीनमध्ये बैठक. मी मुद्दाम गेले. त्यांना वाटलं होतं रुसून बसेन.

गाणं गिटारचं आहे. गिटार म्हणजे गटातला तिसरा, गिटार खांद्यावरून उतरत नाही म्हणून; शब्दही त्याचे आणि आवाजही. वडिलांचं हार्डवेअरचं दुकान. शिक्षण पुरे झालं, गल्ल्यावर येऊन बस, असा निरोप आला त्या आठवड्यात त्यानं हे लिहिलं. धृपद एवढंच – 'मी येणार नाही'. चौथी कॅमेरावाली. बोलत नाही, बघते.

माझी कल्पना साधी होती. जुन्या ऑफिस-फर्निचरचं गोदाम. एक बाई टेबलं-खुर्च्यांच्या रांगांतून गात चालत जाते. शेवटी साहेबाच्या मोठ्या खुर्चीपाशी पोचते. बसत नाही. ती उचलून टेबलावर उलटी ठेवते, ऑफिस बंद करताना ठेवतात तशी, आणि निघून जाते.

टोपीनं नवी कल्पना आणली होती. स्वयंपाकघर. आजी पीठ मळतेय. नाकाला पीठ. शेवटी नातू दारात येतो आणि आजीच्या गळ्यात पडतो.

मी विचारलं, गाण्यात तो काय म्हणतोय? टोपी म्हणाला, मी येणार नाही. मी म्हटलं, आणि तुझ्या व्हिडिओत तो काय करतोय? टोपीनं चहात बघितलं. मग म्हणाला की सरांनीच सुचवलंय.

गिटारनं कप बाजूला सरकवला. तो म्हणाला, "आजी, हे गाणं मी घराबाहेर काढलंय. परत घरात नका नेऊ."

आजी म्हणाला, पण बरोबर बोलला. गोदाम ठरलं.


शनिवार, ८ फेब्रुवारी

कॉलेजच्या व्हरांड्यात चाचणी घेतली.

बाई संथ चालली पाहिजे, तरंगत असल्यासारखी, पण ओठ गाण्याशी जुळले पाहिजेत. त्याची युक्ती वर्गात शिकवली होती. गाणं दुप्पट वेगानं वाजवायचं, गाणाऱ्यानं त्याच वेगानं ओठ हलवायचे, आणि चित्र नंतर निम्म्या वेगानं दाखवायचं. ओठ जागेवर येतात, बाकीचं जग संथ होतं. टोपी नेमका त्या दिवशी वर्गात नव्हता. त्यानं गाणं आहे त्याच वेगानं वाजवलं. पडद्यावर बघितलं तर आम्ही सगळे म्हशींसारखे रवंथ करत होतो.

मग दुप्पट वेगानं. गाणं उंदरांच्या भांडणासारखं ऐकू येतं! टोपी गडबडला, गिटारला स्वतःचेच शब्द पकडता येईनात. कॅमेरावाली हसून हसून खाली बसली.

माझी पाळी आली. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये उच्चाराच्या तासाला सिस्टर हातात पट्टी घेऊन उभ्या राहायच्या. शब्दाचं शेपूट गिळलं की पट्टी. कितीही भरभर म्हणायला लावलं तरी प्रत्येक अक्षराला तोंड पूर्ण उघडायचं. उघडलं. पडद्यावर बघितलं तर एकेक अक्षर कापून ठेवल्यासारखं. ये-णा-र-ना-ही.

कॅमेरावाली पहिल्यांदाच बोलली. "आजी, हे तुम्हीच गायचं."

झालं! ज्या खड्ड्यात सरांनी ढकललं, त्यात मी आज आपल्या पायांनी उतरले. आणि वाईट हे, की व्हिडिओ त्यानंच चांगला होणार आहे. मला दिसतंय ते.


रविवार, ९ फेब्रुवारी

टोपीला फोन केला. म्हटलं, मी कॅमेऱ्यासमोर उभी राहीन, पण कट मी म्हणणार. कॅमेरा कुठे लागणार तेही मीच सांगणार. मला वाटलं, तो भांडणार. तर म्हणाला की त्याला दिग्दर्शन नकोच होतं. सरांनी फळ्यावर लिहिलं आणि त्याला नाही म्हणता आलं नाही.

त्याला म्हटलं, अरे, एक अख्खं गाणं आहे आपल्याकडे त्यावर.


रविवार, १६ फेब्रुवारी

चित्रीकरण झालं. क्रमानं लिहिते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

गोदामवाल्यानं शटर वर केलं आणि आम्हाला न्याहाळलं. हिरॉइन यायचीय का, असं विचारलं. समोर उभी आहे, म्हटलं. त्यानं माझ्या मागे वाकून बघितलं.

आत खुर्च्यांवर खुर्च्या, पाय वर केलेल्या. फायलींची कपाटं उघडी, रिकामी. रेक्झिनचा तो वास मी डोळे मिटून ओळखला असता. टोपीनं कुरकुर न करता सगळ्या खुर्च्या उतरवल्या. मी सांगत होते, ही दोन बोटं डावीकडे, ती भिंतीकडे तोंड करून. कॅमेरावाली जमिनीवर पालथी पडली होती. तिला तिथे काहीतरी दिसत होतं, म्हणून मी तिला उठवलं नाही.

मी गात चालत होते आणि ओळ संपली की त्याच श्वासात कट म्हणत होते. पहिल्यांदा सगळे हसले. नंतर सवय झाली. कॅमेऱ्यामागे मी नव्हते, एवढीच अडचण. प्रत्येक वेळी जाऊन कॅमेऱ्यात बघायचं, वाईट वाटून घ्यायचं, परत यायचं.

दुपारी सर आले. साहेबाच्या खुर्चीत बसले. ती चित्रीकरणासाठी पुसून ठेवली होती. तिथूनच मला म्हणाले, "आजी, थोडं हसा की. किती रागावून गाताय!"

मी म्हटलं, "कट."

सर म्हणाले, कॅमेरा तर बंद आहे. मी म्हटलं, माहीत आहे. तुम्हालाच म्हटलं.

गिटारला ठसका लागला. सर चहा पिऊन गेले.

शेवटचा शॉट. खुर्ची उचलायची. घरी दोन वेळा सराव केला होता, पण घरची खुर्ची म्हणजे खुर्ची, ही म्हणजे सिंहासन. तिचे हात धरले, जोर लावला, हलेना. गाणं तिकडे उंदरांसारखं पळतंय. टोपी धावला. मी हातानंच त्याला थांबवलं. इतका संताप आला, खुर्चीचा, सरांचा, माझ्या मनगटांचा, की मी ती ढकलली.

चाकं होती तिला. मी विसरलेच होते. गरगर फिरत निघाली, दोन टेबलांच्या मधून, कुणी बसलं असावं अशी, आणि थेट बंद शटरवर जाऊन आदळली. अख्खं गोदाम वाजलं. मी तिच्याकडे बघत उभी राहिले. कट म्हणायचं राहून गेलं. कुणीच म्हटलं नाही.

कॅमेरावालीनं शूट चालूच ठेवलं होतं. गुणी पोरगी.


सोमवार, १७ फेब्रुवारी

गुडघे माझे नाहीत. हरकत नाही.


शनिवार, २२ फेब्रुवारी

दिवसभर जोडणी. संथ चित्रात ती खुर्ची तरंगत जाते आणि मी तिच्याकडे बघते. मला वाटलं होतं चेहऱ्यावर राग असेल. राग नाही. सुटका म्हणावी असं काहीतरी आहे. मीच ही बाई, आणि मला ते माहीत नव्हतं.

गिटारनं व्हिडिओ दोनदा बघितला. मग म्हणाला की वडिलांना पाठवणार आहे.


सोमवार, २४ फेब्रुवारी

सरांना दाखवला. आवडला त्यांना. मग त्यांनी नावांची पाटी सांगितली – दिग्दर्शन टोपी, कॅमेरा, गीत, आणि सगळ्यात शेवटी 'प्रेमळ सहभाग : आजी'.

टोपी उभा राहिला. डोक्यावरची टोपी काढली. (केस आहेत, चांगले आहेत.) "सर, मी खुर्च्या उतरवल्या आणि स्पीकर धरला. दिग्दर्शन यांनी केलं."

सर म्हणाले, नोंद झाली आहे, आता बदलता येत नाही. गुण सगळ्यांना सारखेच मिळतील, मग वाद कशाला?

मी म्हटलं, गुण नकोत. शब्द हवाय. एकच. सरांनी घड्याळात बघितलं.


मंगळवार, २५ फेब्रुवारी

सरांचा फोन. स्वतःहून! नोंद बदलता येते म्हणे. 'दिग्दर्शन', आणि पुढे माझं नाव, पूर्ण. म्हणाले, तुमचंच खरं होतं.

आनंद झाला. लपवत नाही. भाचेसुनेनं घरात सगळ्यांना उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या. भाचा म्हणाला, "आत्या, शेवटी डायरेक्टर झालीस गं."


बुधवार, २६ फेब्रुवारी

कॅमेरावाली घरी आली. चपलाही न काढता दारातच मोबाइल पुढे केला. सरांनी व्हिडिओ एका स्पर्धेला पाठवायचं ठरवलंय. विद्यार्थी विभागात नाही, 'साठीनंतरची पहिली फिल्म' या विभागात. जाहिरातही तयार आहे. माझा फोटो, वय, आणि 'आजीची कमाल'. त्या विभागात फक्त दिग्दर्शकाचं नाव जातं. कॅमेरावाली, टोपी, गिटार कुठेच नाहीत. म्हणून काल मी एकाएकी दिग्दर्शक झाले! तिनं विचारलं, आजी, तुम्हाला हे माहीत होतं का? नव्हतं, म्हटलं. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मग चपला काढल्या.

मूळ फिल्मची हार्ड डिस्क मी तिच्याकडून घेतली, त्या डिस्कशिवाय सरांना स्पर्धेला काही पाठवता येणार नाही. माझ्या कपाटात आहे. सरांना आता पाठवते ते असं –

'महोदय, हा व्हिडिओ चार विद्यार्थ्यांनी केला आहे. तो विद्यार्थी विभागातच जाईल, चौघांच्या नावांनी आणि प्रत्येकाच्या कामासह. वयाबद्दल मिळणारं दिग्दर्शन मी नाकारत आहे. केल्याबद्दल मिळणारं घेईन. हे मान्य आहे की नाही, ते शुक्रवार, २८ फेब्रुवारी, दुपारी बारापर्यंत कळवावं. फोन करू नये. लेखी.'